वाळूचा खड्डा संडासाखाली जाऊ नये म्हणून

मी, शादलिया, कै. ताहर गर्सल्ला यांची मुलगी, वय अडुसष्ट, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली कवायत-शिक्षिका, राहणार कैरवान, अविवाहित, अपत्य नाही, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पोटातली गाठ काढल्यापासून अन्न जात नाही, पण शुद्धीत काही कमी नाही. हा कागद मला कोणी लिहायला लावलेला नाही. उलट मी तो लिहू नये म्हणून माझा थोरला भाऊ अब्देसत्तार दोनदा येऊन गेला.

कलम पहिले. माझी माती आईशेजारी व्हावी. त्या वेळी क्रीडा महासंघाचे कोणी हार घेऊन आले तर त्यांना आदराने परत पाठवावे. मी जिवंत असताना यांना माझा पत्ता सापडला नाही, मेल्यावर बरा सापडेल. भाषण तर कोणीच करू नये. त्या माणसांचे गोड बोलणे ऐकले की मला मळमळते, आणि तेव्हा उठून जाण्याची सोय मला नसेल.

कलम दुसरे. घरातली भांडी, शिलाईयंत्र, ऑलिव्ह तेलाच्या दोन्ही मातीच्या बरण्या आणि माझे कांस्यपदक शेजारीण मन्नूबिया हिला द्यावे. ती वीस वर्षे रोज सकाळी माझ्या लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दाताळ्याने सारखी करते आहे. पदक तिने हवे तर मोडीत घालावे. तिसऱ्या क्रमांकाचे आहे, आणि मी तिसरी नव्हते. ते पुढे येईल.

कलम तिसरे, भावजयीबद्दल. तिला माझा लाल गालिचा हवा आहे, हे तिच्या डोळ्यांत मी दर ईदेला वाचते. तो मशिदीला द्यावा.

आता जमिनीचे. शहराबाहेर ऑलिव्हच्या बागांना लागून वडिलांनी माझ्या नावावर केलेला एक लांबट तुकडा आहे. चतुःसीमा अशा: पूर्वेस रस्ता व फाटक, पश्चिमेस कोरडा ओढा, उत्तरेस गर्सल्लांच्याच चुलत घराची बाग, दक्षिणेस मन्नूबियाचे घर. पुढे माझे घर, घरामागे मोकळे अंगण, अंगणातून धावपट्टी आणि शेवटी, ओढ्याच्या बाजूला, वाळूचा खड्डा. याच खड्ड्यात मी लांब उडी शिकले आणि निवृत्त झाल्यावर इथेच गावच्या मुलींना शिकवते. कोणाकडून काही घेत नाही. शाळेच्या मैदानावर मुलगे फुटबॉल खेळतात, तिथे यांना उभेसुद्धा राहू देत नाहीत.

अब्देसत्तारला इथे लग्नाचा हॉल बांधायचा आहे. माझ्या ऑपरेशनचे टाके ओले असताना तो बांधकामवाल्याला घेऊन आला आणि माझ्या खाटेशेजारी उभा राहून फीत टाकू लागला.

मी विचारलं, "खड्ड्याचं काय करणार?"

"तिथे संडास येतील," तो म्हणाला. "पाण्याचा उतार तिकडेच आहे."

बांधकामवाल्याला लाज वाटली, तो बाहेर गेला. भावाला वाटली नाही. त्याने माझ्यासाठी आणलेल्या मक्रूदच्या, खजुराच्या मिठाईच्या, डब्यातला एक तुकडा उचलून स्वतःच तोंडात टाकला.

म्हणून मी दस्त करणाऱ्या लमजद यांच्याकडे गेले; सगळे त्यांना मानाने सी लमजद म्हणतात. भले गृहस्थ आहेत, चष्मा पुसल्याशिवाय वाईट बातमी देत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"बाई, तुम्हाला नवरा नाही, मूल नाही. आपल्या इच्छेने द्यायला तुमच्याकडे फक्त एक तृतीयांश. बाकीचं भावाचं."

"मी मेले तरी तो आहेच का?"

"तुम्ही मेल्यावरच तो आहे," ते म्हणाले.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. ठीक आहे, कायदा आहे. तीनातले दोन वाटे त्याला मिळतील आणि ते मी अडवू शकत नाही. पण ज्याला देते आहे तो कोण, हे मात्र लिहून ठेवीन, कारण चाळीस वर्षे ते कोणी लिहिलेले नाही.

राजधानीत भूमध्य समुद्राकाठच्या देशांची अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. मी लांब उडीच्या अंतिम फेरीत होते आणि अब्देसत्तार यजमान समितीत होता. कोट, बिल्ला, केसांना तेल. उडी मारणारी प्रत्येक मुलगी धावपट्टीच्या कडेला आपली खूण ठेवते. धाव तिथून सुरू केली तरच उडी जिथून घ्यायची त्या फळीवर पाऊल बरोबर पडते. कोणी पट्टी चिकटवते, कोणी खडू ओढते. मी लहानपणापासून चप्पल ठेवत असे, आणि तीही पालथी, कारण तिचा पांढरा तळ लांबून दिसायचा. घरी आई ती येता-जाता सुलटी करायची. जोड्याचा तळ आकाशाकडे असू नये, देवाचा अपमान होतो, असे ती म्हणे, आणि आमच्याकडचे लहान मूलसुद्धा तशी चप्पल दिसली की वाकून सरळ करते. आईची पाठ वळली की मी पुन्हा पालथी करायची. मैदानावर आई नव्हती म्हणून मी निर्धास्त होते.

शेवटची उडी उरली तेव्हा मी दुसरी होते. पहिली होती इजिप्तची, माझ्यापुढे बोटभर. तेवढ्यात अब्देसत्तार परदेशी पाहुण्यांना घेऊन धावपट्टीजवळ आला, त्यांना बहीण दाखवायला. मी पाठमोरी उभी राहून पाय झटकत होते. वळले, चप्पल दिसली, तिच्याशी पाऊल लावलं आणि धावले. घाईत मी ती सुलटी झालेली पाहिली नाही, तळाची पांढरी कड दिसली एवढंच. ती उडी माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. वाळूत पडल्या पडल्याच मला कळलं, मी इजिप्तच्या खुणेच्या कितीतरी पुढे आहे. मान वळवली तर लाल निशाण वर. फळीपुढच्या मऊ पट्टीवर माझ्या बुटाचं टोक उमटलं होतं. उडी बाद. मग ग्रीसच्या मुलीनेही मला मागे टाकलं.

त्याच ग्रीसच्या मुलीने मला सांगितलं. भाषा येत नव्हती. तिने समितीच्या खुर्च्यांकडे, माझ्या भावाकडे बोट केलं, मग आपला पालथा हात उताणा केला आणि बाजूला सरकवला. मी जाऊन पाहिलं. चप्पल सुलटी, कडेला नीट ठेवलेली, फळीच्या दिशेने वीतभर पुढे सरकलेली; म्हणूनच माझं पाऊल फळीपुढे पडलं. तक्रार चालत नाही. खूण ज्याची त्याने सांभाळायची.

चप्पल सरळ केल्याचा मला राग नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. ते आमच्यापैकी कोणीही केलं असतं, मीही दुसऱ्याची केली असती. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अब्देसत्तारचे शब्द छापून आले: "बायकांना शेवटच्या क्षणी घाई होते. माझी बहीण असली म्हणून काय झालं." ते वाक्य घरात रुळलं. भात करपला, "शादलियाची घाई." नवरी अडखळली, "शादलियाची घाई." मी लग्नाच्या पंगतीत बसून ते ऐकलं, हसणाऱ्यांना कुसकुस वाढला, आणि घरी येऊन ओकले. मी कधी सांगायला गेले तर आई म्हणायची, "भावाची अब्रू चव्हाट्यावर मांडू नकोस."

फीत घेऊन आला त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा तोंडावर विचारलं.

"उलटी होती, सरळ केली," तो म्हणाला. "आईने काय शिकवलं होतं?"

"आणि संध्याकाळी तुला सगळं कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग पेपरवाल्याला काय सांगितलंस?"

"पाहुण्यांदेखत सांगू, की मी केलं? माझी नोकरी होती, शादलिया."

"आणि माझं?"

"तुझं काय? तुला पुढे लग्नच करायचं होतं."

तो हे चिडून बोलला नाही. मक्रूद चघळत, समजूत घालावी तसा बोलला. पश्चात्ताप नाही, वैरसुद्धा नाही. वैर असतं तर मी त्याचा मान ठेवला असता. मला त्या क्षणी त्याची जी शिसारी आली ती अजून उतरलेली नाही. लिहितानाही तोंडाला पाणी सुटतं आहे, ओकारीआधी सुटतं तसं.

कलम चौथे, आणि मुख्य. वरच्या वस्तूंखेरीज माझ्या इच्छेच्या एक तृतीयांशात बसते ते मागचे अंगण, धावपट्टी व वाळूचा खड्डा. हे सर्व मी इश्राक हिला देते. इश्राक ही अब्देसत्तारच्या मुलाची मुलगी, वय एकोणीस. घरी ती सांगते की कैरवानी गाठीचा गालिचा शिकायला मन्नूबियाकडे जाते. मन्नूबियाला साधी गाठ येत नाही. माझ्याकडे आजवर आलेल्या मुलींत हिच्यासारखी उडी कोणाची नाही. येत्या वसंतात त्याच अजिंक्यपद स्पर्धेत ती उतरणार आहे, आणि सरावाला तिला दुसरी जागा नाही. तिने जमीन विकू नये. जी मुलगी येईल तिला उडी मारू द्यावी.

अडचण एकच आहे. मन्नूबियाच्या बाजूला सलग उंच भिंत आहे, मागे ओढ्याचा खोल कडा; खड्ड्याकडे जायला वाट फक्त फाटकातून, घराच्या बाजूने, आणि घर व फाटक अब्देसत्तारच्या वाट्याला जातात. सी लमजद म्हणाले, "जाण्यायेण्याचा हक्क लिहून देतो." लिहून घेतला आहे. पण फाटकाला कुलूप लावलं तर कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मुलीचे गुडघे म्हातारे होतील, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि माझ्या भावाला तर नक्कीच.

म्हणून कलम पाचवे. सी लमजद यांनी हा कागद आधी अब्देसत्तारला एकट्याला वाचून दाखवावा. इश्राकला या कागदातला फक्त तिच्या जमिनीपुरता उतारा द्यावा. मी तिला चपलेबद्दल एक शब्द सांगितलेला नाही. तिला घरातली तीच गोष्ट माहीत आहे, घाईची.

अब्देसत्तार, हे तुला. मागच्या आठवड्यात वाळू झटकता झटकता तिने विचारलं, "आत्याआजी, तुमची ती शेवटची उडी खरंच घाईने गेली का?" माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मला पाठीमागचं दिसलं नाही. तुझे आजोबा तिथेच उभे होते, त्यांना विचार." ती म्हणाली, सध्या विचारलं तर इथे येते ते कळेल, पुढे कधीतरी विचारीन. आता हा कागद निघाला म्हणजे ती इथे येते हे तुला कळलंच आहे. ती येईल. तुझ्या मांडीवर वाढलेली पोर आहे, तू सांगशील ते खरं मानेल. तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव. फाटकाची किल्ली तुझ्या खिशात असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: शादलिया ताहर गर्सल्ला

साक्षीदार:
१. मन्नूबिया, हसन वस्लाती यांची विधवा, शेजारीण (अंगठा)
२. खमाइस बिन रजब, कोपऱ्यावरचा भटारी (सही)

दस्त समक्ष: लमजद झुआवी

कैरवान, ऑलिव्ह उतरवणीच्या दिवसांत, २२ नोव्हेंबर २०१९