आमच्या बूथवरचं एक मत

४ जून २०२४
लोकसभेला पडले. पडणारच होते, पण इतकी! नोटालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त मतं. नवरा हेमराज त्याच्या पक्षाच्या लोकांबरोबर नंदुरबारला मोजणीला गेला होता. रात्री परत आला. जेवताना म्हणाला – "नवरा पक्षमा, बायको अपक्ष. लोक हासतस."

६ जून
पेपरात अख्ख्या लोकसभेचा तक्ता आलाय. एक खासदार म्हणजे एक ठिपका. भाजप २४०, काँग्रेस ९९, समाजवादी ३७, तृणमूल २९... कडेला राखाडी ठिपके – अपक्ष. बोटानं मोजले. सात. पाचशे त्रेचाळिसात सात! म्हणजे कुणी कुणी येतं तर निवडून. सगळ्या मिळून बाया चौऱ्याहत्तर.

९ जून
शिवणात लक्ष टिकत नाही. शेजारच्या शोभाबाईच्या ब्लाउजला बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. ती विचारते, "कसाले उभी ऱ्हायनी तू?" मोलगीकडे डोंगरात माझ्या बहिणीला बाळंतपणासाठी झोळीतून खाली आणत होते. रस्ता नाही. वाटेतच गेली. म्हणून उभी राहिले. प्रचारात हेच सांगायचे. बाया डोळे पुसायच्या. मतं मात्र नाही दिली.

२४ जून
टीव्हीवर नव्या खासदारांचा शपथविधी. चार वेळा उठून दाराशी गेले, चार वेळा परत येऊन बसले.

१८ जुलै
बूथवार आकडे आले. आमच्या बूथवर मला एक मत. गावातल्या नवलसिंगनं पारावर मोठ्यानं वाचलं. हेमराज लगेच म्हणाला, "तिनं सोतानंच मत शे ते." सगळे हसले. मी हंडा घेऊन तशीच पुढे गेले.

इथेच लिहिते, बाहेर बोलायची सोय नाही – ते मत माझं नाही. मतदानादिवशी यंत्रावर माझ्या नावापर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं. अपक्षाला मत म्हणजे फुकट, हे इतक्या जणांनी सांगितलं होतं की मलाही पटलं. दुसऱ्याचं बटण दाबून आले.

मग हे एक कुणाचं? दिवसभर बायांची तोंडं न्याहाळत फिरले.

२० जुलै
राहवेना. चहा देताना हेमराजला सांगून टाकलं – मी मला मत दिलंच नव्हतं.

तो कपातच बघत म्हणाला, "माहीत शे. ते एक मन्हं व्हतं."

म्हणजे पारावर एकच मत वाचलं, तेव्हाच त्याला कळलं होतं, की मी मला मत दिलेलं नाही.