लाल रंगाचा डबा

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. गुडघे सोडले तर मीही बरी आहे. चार वर्षांत हे माझं पहिलं पत्र. आई गेल्या ते दोन ओळींत कळवलं होतं, त्याला काही पत्र म्हणता येणार नाही.

होडी विकायची ठरवली होती. तुमचे दादा गेल्यापासून ती अंगणात पालथी पडून आहे. जाळीवाला घ्यायला तयार होता. म्हणाला, "वहिनी, रंग तेवढा करून द्या, बाकी मी बघतो." म्हणून रंगाऱ्याला घेऊन दुकानात गेले. रंग परवडणारा हवा आणि खाऱ्या पाण्यात टिकणाराही. ॲल्युमिनियमवर नुसता रंग धरत नाही म्हणे. आधी जुना खरवडायचा, मग त्याचा वेगळा प्रायमर, मग वरून दोन हात. मी एकेक डबा फिरवून फिरवून वाचत होते. रंगारी कंटाळला. "वहिनी, होडी रंगवायची आहे की परीक्षेला बसायचंय?" दुकानदार हसला, मीही हसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही चौथीत होतात. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून माझ्याकडून इंग्रजी शिकायचात. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर मला उभं करून सगळ्या वर्गाला माझं वाचन ऐकवायच्या, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. औषधाची बाटली असो, बँकेचं पत्र असो, सगळं माझ्यापुढे यायचं. दादा म्हणायचे, "आमच्याकडे वाचायचं खातं मॅडमकडे."

परवा रंगाऱ्याने तळ खरवडला. जुना लाल रंग निघाला आणि खालचा पत्रा सुईने टोचल्यासारखा भोकाभोकांचा दिसला. तो खालीच बसला. "हा तांबं घातलेला रंग. लाकडी होडीचा. ॲल्युमिनियमला लावला की खाऱ्या पाण्यात पत्रा खाऊन टाकतो. कुठल्या शहाण्याने लावला?"

मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेताना तो म्हणाला, "घाबरू नका. भोकांत लांबी भरतो, वरून दोन हात मारतो. जाळीवाल्याला दिसणारही नाही."

तो जेवायला गेल्यावर मी होडीखाली शिरले. या वयात, या गुडघ्यांनी. आत उताणी पडून वर पाहिलं. तळभर उन्हाचे बारीक ठिपके होते. फक्त तुम्ही बसवलेली, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची ओळ काळी होती. एकेकावर बोट फिरवलं. एकही हललेला नाही, एकाच्याही कडेने ऊन येत नव्हतं.

दादा बुडाले त्याच्या आदल्याच महिन्यात तुम्ही ते बसवले होते. होडी ओढून आणली तेव्हा धक्क्यावर जो तो म्हणाला, रिव्हेट सुटले असणार, पाणी तिथूनच शिरलं. तळ खरवडून कुणी पाहिला नाही. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. आईंनी तुम्हाला घराबाहेर काढलं, तेव्हा मी दारात उभी होते.

भाऊजी, तो लाल रंग मी निवडला होता. दुकानात दोन डबे होते. दादा म्हणाले, "तू वाच." माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि नवा केला नव्हता. दुकानदारासमोर डबा लांब धरून डोळे बारीक करायची लाज वाटली. वरची मोठी अक्षरं वाचली, त्यात ‘खाऱ्या पाण्यासाठी’ असं होतं, आणि स्वस्तातला घ्या म्हटलं. "झालं, मॅडमनी पास केला," म्हणत दादांनी तो उचलला.

हे मला परवाच कळलं, असं लिहिणार होते. दोनदा तसं लिहिलं आणि कागद फाडला. दादा गेल्यावर महिन्याभरात नवा चष्मा आला, तेव्हाच मी तो डबा वाचला होता. आता त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. रोज त्यात हात घालते.

शेवटच्या आठवड्यात आई मला विचारायच्या, "धाकट्याने असं कसं गं केलं?" खोलीत आम्ही दोघीच असायचो. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांची उशी सारखी केली. तुमच्यावरचा राग घेऊनच त्या गेल्या, आणि तो आता कुणालाच काढता येणार नाही.

तुमच्या बायकोकडून कळलं, की तुम्ही पत्र्याच्या कामाचं हत्यार आता हातात धरत नाही. गोदामावर पहारा करता. इतके चांगले हात तुमचे.

होडी विकत नाही. जाळीवाल्याला आणि रंगाऱ्याला कारण सांगितलं. मग आज धक्क्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. एकाने बसायला खुर्ची दिली, तेच मनाला लागलं.

होडी खरवडलेलीच ठेवली आहे. दहानंतर तिच्यावर ऊन येतं. यावंसं वाटलं तर तेव्हा या आणि तुमची रिव्हेटांची ओळ आतून बघा. माझ्याशी बोलायची गरज नाही.

डब्याच्या मागची बारीक ओळ मराठीत उतरवून देते: ‘ॲल्युमिनियमच्या होडीला लावू नये.’

या वेळी पूर्ण वाचली आहे.

तुमची वहिनी