खालच्यांना ठाऊक होतं

सेलू, जि. वर्धा
५ सप्टेंबर २००३

प्रिय माधव,

अनेक आशीर्वाद. पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला, बरं वाटलं. नोकरी लागल्यापासून दिवाळीशिवाय न फिरकणारा तू, महिन्याभरात दोनदा आलास! साहेब एवढे दयाळू कधीपासून झाले रे? मामाही दर मंगळवारी केळझरच्या गणपतीचा प्रसाद घेऊन हजर असतो. परवा पंचफुला भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, काऊन इतके पाव्हणे येऊन राह्यले तुमच्याकडे? लगन हाये काय कोनाचं?" मी म्हटलं, तुझंच उरकून टाकू. ती हसली, पण मग हात थांबवून माझ्याकडे पाहत बसली.

आज शिक्षक दिन. मी रजेवर, म्हणून मुलीच घरी आल्या होत्या. त्यांना पाहून फेब्रुवारीतला तो सोमवार आठवला. शनिवारी सकाळची शाळा सुटताना त्यांनी फळ्यावर रंगीत खडूंनी 'स्वागत' लिहिलं होतं, अंतराळातून परतणाऱ्या त्या सातजणांसाठी. त्यात आपल्या कर्नालची मुलगी होती ना! त्याच संध्याकाळी यान उतरता उतरता आभाळातच तुटलं. सोमवारी वर्गात गेले तर अक्षरं तशीच. पुसायला एकही मुलगी उठेना. शेवटी मीच पुसली.

इतकी वर्षं हेच शिकवत आले मी. परतताना एका अंतराळवीराची हवाई छत्री उघडलीच नाही. तिघांचं यान अगदी सुखरूप उतरलं, दार उघडलं तर तिघेही आपापल्या जागी बसलेले आणि गेलेले. वाटेतच आतली हवा निघून गेली होती. तिघे तर जमिनीवरच, नुसत्या सरावात, बंद दाराआड जळाले. शहाऐंशी साली उडताच फुटलेल्या यानात एक शिक्षिका होती, दुसऱ्या दिवशी मला धड शिकवता आलं नाही. प्रत्येक वेळी मी रडले. यावेळी मात्र संताप आला, तो चौकशीचा अहवाल पेपरात वाचल्यावर. उड्डाणातच इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून पंखावर आदळला होता. खालच्यांना ते दुसऱ्याच दिवशी ठाऊक झालं. इंजिनिअर त्या पंखाचे फोटो मागत राहिले, वरिष्ठांनी गरज नाही म्हटलं. आणि वरच्यांना निरोप काय गेला? काळजीचं कारण नाही. ती माणसं पुढे प्रयोग करत राहिली, हसत राहिली. अहवाल म्हणतो, कदाचित वाचवताही आलं असतं. समज, नसतंच आलं. तरी पोराबाळांशी शेवटचं नीट बोलायचा हक्क त्यांचा नव्हता का?

हे मी तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवत होते. एरवी पेपरवरून माझ्याशी हुज्जत घालणारा माणूस, पण चष्मा सापडत नाही म्हणत मधूनच उठून गेला. चष्मा डोळ्यांवरच होता.

तुला हिंगणीची सहल आठवते? बोर धरणाच्या भिंतीवर आपण अंधार पडायची वाट पाहत होतो, आणि रशियाचं ते अंतराळस्थानक ठिपक्यासारखं सरकत गेलं. तू टॉर्च हलवत विचारलंस, "आई, त्यायले आपण दिसतो काय?" मी म्हटलं, नाही रे. तरी तू ते दिसेनासं होईपर्यंत टॉर्च हलवत राहिलास. असं पोर माझ्यापासून काही लपवू पाहतं तेव्हा माझ्याकडे बघायचं कसं टाळतं, ते मला दिसतं.

पहिल्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरांनी तुला आणि बाबांना बाहेर बोलावलं, दार लोटून घेतलं. आत येऊन मला म्हणाले, "आता सगळं खा, पथ्य नको." वर्षानुवर्षं लोणच्याच्या फोडीवरून रागावणारे आमचे डॉक्टर! मला तिथेच कळलं. तुम्ही मायेने करता, मला राग नाही. पण मी भ्याले आहे, माधव, आणि तुमच्यासमोर न भ्यायल्याचं नाटक करून फार थकले आहे. तुझे बाबा रोज मोरीत नळ सोडून रडतात, तेही ऐकू येतं. त्यांना एकट्याने रडू द्यायचं नाही मला. म्हणून हे पत्र. पुढच्या शनिवारी ये. रडायचं असेल तर वाटेत पवनारला उतर, धामच्या काठी बसून रडून घे. मग घरी ये, आम्हा दोघांसमोर बस आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांग, किती दिवस म्हणाले तेही. मी अजून वर आहे, तोवर सांग.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
आई