संत्र्याच्या साली आणि ‘ती. उ.’

१२ डिसेंबर

चि. धाकटी हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि त्यासोबत एक गंभीर तक्रार.

माझ्या संस्कृत शब्दकोशाचा दुसरा खंड आजकाल मिटत नाही. ‘प’पासून ‘म’पर्यंतच्या मुलुखात तुझ्या कन्येने एकशे चौदा पानं वाळत घातली आहेत. पानं म्हणजे झाडांची. कोशाची जी आहेत त्यांना ती ‘मधले कागद’ म्हणते. काल मला ‘प्रमाद’ हा शब्द पाहायचा होता, तर तिथे एक लालसर, पाच बोटांचं पान गाढ झोपलेलं. मी ते उचलू लागलो तशी खारूने मला बजावलं की ते अजून ओलं आहे, तोवर मी दुसरा एखादा शब्द बघावा. तेवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतो आहे. लेखकांनी सुनावलं, मालकांनी सुनावलं, पण शब्द बदलून घ्या असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. या गुन्ह्याला शासन काय, ते तू आई या नात्याने कळवावंस.

बाकी तुझी लेक खुशाल आहे. जेवते, झोपते, आणि मधल्या वेळात मला कामाला लावते. छापखान्यात कागद कापल्यावर उरलेल्या पट्ट्या मी पिशवीभर आणतो. पानाच्या शिरांच्या बाजूला रंग लावायचा, ते पट्टीवर उपडं घालून वाटीच्या बुडाने दाबायचं आणि अलगद सोलायचं, की कागदावर झाड उगवतं. निदान उगवावं अशी अपेक्षा असते. माझ्या झाडांना खारूने ‘आजारी झाडं’ असं नाव देऊन वेगळी रांग करून दिली आहे.

परवा खरी थंडी पडली, दुकानात संत्र्यांचे ढीग लागले, आणि मी आईची वही काढली. आठवतं ना? पहिल्या कडाक्याच्या दिवशी आई शाळेत चिठ्ठी पाठवायची, की दोन्ही मुलं आजारी आहेत. आपण एकाच वेळी आजारी पडायचो आणि संत्री खाऊन एकाच वेळी बरे व्हायचो. स्वयंपाकघराच्या काचा वाफेने भरून जायच्या आणि तू त्यांच्यावर बोटाने कोंबड्या काढायचीस. तू त्यांना मोर म्हणायचीस, ते असो.

वहीत आईची ती सुप्रसिद्ध सूत्रशैली: ‘सं. सा. — साख. १ वा., पा. १ वा., ती. उ., वाळ., डब्यात.’ खारूला मी सगळं सोडवून सांगितलं. संत्र्याची साल, साखर एक वाटी, पाणी एक वाटी. ‘ती. उ.’ म्हणजे ‘तिक्तता उरते’. कडवटपणा थोडा राहतोच, तो राहू द्यावा, गोडाला त्यानेच अर्थ येतो, असं आईचं म्हणणं. ‘ति’ ऱ्हस्व हवी होती. पण आईचं शुद्धलेखन तुला ठाऊकच आहे. खारूने एक तुकडा चावला, माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि विचारलं, की आजी आपल्यावर रागावली होती का?

राहता राहिला तुझा प्रश्न. तुझं वर्षभराचं प्रशिक्षण, वसतिगृहात मुलांना मज्जाव, आणि ते वर्ष खारूने माझ्याकडे काढावं की कसं. नवजात बाळांची शुश्रूषा शिकवणाऱ्यांनी आठ वर्षांच्या बाळाला दारात अडवावं, यातला विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही. तीन आठवडे राहून बघू असं आपलं ठरलं आहे आणि आज सहावाच दिवस. विचार चालू आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे. पानं मात्र पाठवू नकोस, इथे भरपूर झाली आहेत.

तुझा,
दादा

ता. क. अक्षर बारीक आलं आहे, ते कागद वाचवण्यासाठी.


१७ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले, की मोठ्या सिस्टरांनी येऊन बरी आहेस ना म्हणून चौकशी केली. अरे महापंडिता, ‘ती. उ.’ म्हणजे ‘तीनदा उकळ’! साली पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकायचं, नवं पाणी घालून पुन्हा उकळायच्या, असं तीन वेळा. मग कडूपणा जातो, आणि नंतर पाकात टाकायच्या. मी स्टुलावर उभी राहून आईसाठी मोजायची, एक पाणी झालं, दोन पाणी झाली. तू टेबलाखाली पुस्तक घेऊन बसलेला असायचास आणि डबा भरला की हात तेवढा बाहेर यायचा. आईजवळ तत्त्वज्ञान नव्हतं रे, एक स्टोव्ह होता. आणि ‘ती’ दीर्घच बरोबर आहे. तिच्या शुद्धलेखनाची माफी माग.

पण हसून झाल्यावर एक विचार आला. म्हणजे आई गेल्यापासून तू दर थंडीत एकट्यासाठी त्या कडू साली करून खात होतास? आणि मला एकदाही विचारलं नाहीस? तुझं हे नेहमीचंच. विचारायचं नाही, अर्थ लावत बसायचं.

तुझी पिशवीभर पट्ट्यांची गोष्ट वाचून आईचे कागदी पक्षी आठवले. ती एका दमात पंख कापायची, कात्री मध्ये कुठे थांबायची नाही. तुलाही ते जमायचं. मला कधीच जमलं नाही, माझा पक्षी नेहमी बदकाकडे झुकायचा. खारूला तू शिकव.

आता कामाचं. मला ३१ तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे, नाहीतर माझी जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाईल. खारूची शाळा बदलायची तर ५ जानेवारीला वर्ग सुरू होतात. नणंदबाई तिला ठेवून घ्यायला तयार आहेत. मनाने चांगल्या आहेत, पण दोन खोल्यांत सहा माणसं, आणि तिचे बाबा गेल्यापासून खारू गर्दीत एकदम गप्प होते, हे तू पाहिलंयस. तुझ्याकडे ती बोलते. नाही म्हणालास तर मी रागावणार नाही. खोटं कशाला सांगू, रागावेन, पण आठवडाभरच. फक्त काय ते सांग.

तुझा लोभ आहेच. जोडीला एक सरळ उत्तरही असावं.

तुझी,
धाकटी


२१ डिसेंबर

चि. धाकटी हिस,
दादाचे आशीर्वाद, खाली मान घालून.

मी चुकलो. हे वाक्य मी लिहिलेलं आहे, छापखान्याची चूक नव्हे. तेवीस वर्षं इतरांच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल शाई ओतणाऱ्याने सख्ख्या आईची बरोबर असलेली ‘ती’ चूक ठरवावी, यापरता प्रमाद तो कुठला? (त्या शब्दावरचं पान आता वाळलं आहे, म्हणून वापरून घेतला.)

रविवारी तीनदा उकळल्या. मोजणी अधिकारी खारू. पहिलं पाणी तिने सिंकमध्ये ओतू दिलं नाही, कारण त्याला चित्रात भरता येईल असा पिवळा रंग आला होता. ते आता एका बरणीत आहे. दुसऱ्या पाण्याला घरभर वास सुटला. तिसऱ्याला माझा चष्मा असा धुकटला, की पातेलं कुठे आणि मी कुठे हे खारूच्या तोंडी सूचनांवरून ठरवावं लागलं. मग पाक, मग ताटात एकेक साल वेगळी करून वर साखर. खारूने चव घेऊन निकाल दिला, की आजी अजिबात रागावलेली नव्हती, मामाच रागावलेला होता.

मीही एक खाल्ली, धाकटे. अगदी तीच चव. लहानपणी त्या गोड लागायच्या हे माझ्या लक्षात होतं. पण लहानपणचं सगळंच नंतर गोड लागतं, असं धरून मी स्वतःची समजूत घातली होती. त्या खरोखरीच गोड होत्या. पुढच्या दोन-तीन मी जरा खिडकीकडे तोंड करून खाल्ल्या.

त्या खिडकीवर आमचं गाव वसलं आहे. पट्ट्यांची घरं, ठशांची झाडं, पिठाच्या खळीने काचेला चिकटवलेली. कात्रीखातं खारूकडे, खळखातं माझ्याकडे. पक्षी शिकवायचे राहिले आहेत, बघू. गावात तुझं घर दवाखान्याशेजारी आहे. माझ्या घराला दोन दारं का, असं विचारलं तर एक तिचं आहे, असं उत्तर मिळालं आणि मला खळ नीट ढवळायला सांगण्यात आलं.

छापखान्यात अक्षरजुळणीला नवी मुलगी आली आहे. माझ्या खुणा कळत नाहीत म्हणून परवा मुद्रित घेऊन तीन वेळा माझ्या टेबलाशी आली. मी तिला डोळे तपासून घ्यायचा सल्ला दिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लवकरच. सोबत खारूचं पत्र आहे. तिने ते मला वाचू दिलेलं नाही, डकवूनही तिनेच टाकलं आहे.

साली थोड्या पाठवतो आहे. लोभ वजनाने त्याहून जास्त आहे असं समजावं.

दादा


(सोबतचं पत्र)

प्रिय आई,

मी मजेत आहे. तू मजेत आहेस का? आमचं गाव खूप मोठं झालं आहे. त्यात सतरा घरं आहेत आणि एक घसरगुंडी. सगळं मी कापलं. मामा कापत नाही. मामा म्हणतो त्याच्या कात्रीला सुट्टी आहे. त्याने एकदा मला पक्षी करून दाखवला पण तो मधेच फाटला, मग तो म्हणाला हा पक्षी चालत जाणारा आहे. मी त्यालाही गावात ठेवलं.

मामा चहाचा कप दोन हातांनी धरतो. मी पण दूध तसंच पिते. मामाचं अक्षर मुंग्यांसारखं आहे, ओळीच्या शेवटी मुंग्यांची पिल्लं होतात. मी त्याला माझी दुरेघी वही दिली आहे.

मला इथे राहायचं आहे पण तुझी आठवण येते. दोन्ही लिहू का असं मी मामाला विचारलं. तो म्हणाला दोन्ही लिही.

तुझी खारू


२६ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साली पोचल्या. मोठ्या सिस्टरांनी दोन मागून घेतल्या. आईच्याच आहेत, शंका नाही.

आता थट्टा बाजूला ठेवते. तुझी दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि त्यांच्या वर मागच्या वर्षी वाढदिवसाला लिहिलेलं ठेवलं. त्या पत्रात तुझं अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं गोल आणि ऐसपैस आहे. आता प्रत्येक ओळ बरी सुरू होते आणि शेवटाला जाईपर्यंत निम्मी होते. कागद वाचवणारा माणूस ओळीच्या सुरुवातीलाही वाचवतो, दादा.

मी परिचारिका आहे. तेव्हा विचारते, आणि या वेळी अर्थ लावू नकोस, उत्तर दे. हात मांडीवर स्वस्थ ठेवला तर हलतो का, की काम करतानाच? एकच, की दोन्ही? कधीपासून? चालताना हात पुढेमागे होतो का? डॉक्टरांना दाखवलंस का? हे शेवटचं विचारायची गरज नाही, मला उत्तर माहीत आहे.

तू उत्तर का लांबवतो आहेस ते मला आता कळलं. मी इतके दिवस वेगळंच समजत होते. तुझ्या टापटीप घरात पोर नकोसं झालं असेल, असं मनात येऊन मी एक दिवस चक्क फुगून बसले होते. ते परत घेते.

रागवायचं असेल तर रागाव, पण लिही. लोभ कुठे जात नाही.

धाकटी


३० डिसेंबर

चि. धाकटी हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. हात स्वस्थ ठेवला की हलतो. फक्त उजवा. अंगठा आणि शेजारचं बोट चिमूटभर मीठ चोळत बसल्यासारखी एकमेकांवर फिरतात. उन्हाळ्यापासून. कामाला लावला की थोडा शहाण्यासारखा वागतो, पण फार हळू चालतो, आणि कात्री मधेच अडते. चालताना हात पुढेमागे होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं, तुझं पत्र वाचून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. नव्या मुलीचे डोळे उत्तम आहेत. काल तिला तसं सांगून आलो. मालकांनाही सांगितलं, त्यांनी खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला, म्हणजे त्यांना आधीच दिसत होतं.

डॉक्टरांकडे गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. जे सांगतील ते त्याच दिवशी, एकही शब्द न गाळता, तुला कळवीन.

आता तुझा प्रश्न. माझं उत्तर पहिल्या आठवड्यातच ‘हो’ होतं. मधल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले आहेत. शाळा पाहून आलो, खारूच्या पावलांनी सात मिनिटं लागतात, वाटेत एकच रस्ता ओलांडायचा. बाई मोकळ्या वाटल्या. तू उद्या होकार कळव, जागा सोडू नकोस. खारूला इथे ठेवायचं की नणंदबाईंकडे, ते मात्र आता सगळं माहीत असताना तू ठरव. तिकडे पाठवलंस तर मी समजून घेईन. समजून घेणं एवढंच मला जमेल, आवडल्याचं सोंग आणता येणार नाही.

एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय पत्र मिटवता येत नाही. रोज सकाळी आमची बटणांची शर्यत असते. ती तिच्या स्वेटरची लावते, मी माझ्या सदऱ्याची, आणि रोज ती जिंकते. आज मी जिंकलो. मान वर केली तर तिचं शेवटचं बटण काजात निम्मं घालून ती तशीच थांबलेली होती, आणि आपण हरल्याचं दुःख दाखवायला तिने माझ्यासमोर मोठा सुस्कारा टाकला.

ती आठ वर्षांची आहे. ती गेली तर घर मला खायला उठेल. राहिली तर हळूहळू ती मला सांभाळायला लागेल, कोणी न सांगता, आणि मी तिला ते करू देईन. मला त्याची फार भीती वाटते.

दादा