भिंतीवरची नावं

नारिन, ८ ऑक्टोबर

चि. तालाय यास अ. उ. आ.

विद्यापीठाच्या वर्गासाठी तू करून दिलेला प्रोग्रॅम सुरू झाला. एकतीस वर्षं गणित शिकवतेय. समजलं का विचारलं की सगळ्या माना डोलतात. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! आता पोरं फोनवर उत्तर दाबतात आणि भिंतीवरच्या पडद्यावर खरं काय ते दिसतं. काल छत्तीसांपैकी एकोणतीस चुकले. रडावं की नाचावं कळेना.

पण कोण चुकलं ते दिसत नाही. नावांची सोय कर ना. एजेच्या, थोरल्या बहिणीच्या, एवढ्याशा कामाला बायकोची परवानगी लागत नसेल तर.

माया असू दे, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी एजे,
बुरुल

बिश्केक, १५ ऑक्टोबर

ती. एजेस सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली! सोय केली आहे. मात्र नावं तुझ्याच संगणकावर उघड, भिंतीवर नको. उत्साहाच्या भरात तू ऐकणार नाहीस, म्हणून पुन्हा लिहितो, भिंतीवर नको.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा तालाय

नारिन, १२ नोव्हेंबर

चि. तालाय यास अ. उ. आ.

फोनवर हे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून लिहिते. मी तुझं ऐकलं नाही, नावं भिंतीवर दाखवली. एखाद्याचं घर बांधायचं असलं की अख्खं गाव आशरला येऊन हात लावतं, तसं कोण अडलंय हे दिसलं की वर्ग धावून येईल असं मला वाटलं. कोणी आलं नाही. बाकीचे शेजाऱ्याचं बघून दाबू लागले. जिपार नावाच्या मुलीने तसं केलं नाही, म्हणून आठवडाभर चुकलेलं म्हणून तिचं एकटीचं नाव लाल राहिलं.

उन्हाळ्यात लग्न झालेली पोर. वर्गातल्या चुलत दिराने पडद्याचा फोटो घरी दाखवला. सासू म्हणाली म्हणे, आमची अब्रू भिंतीवर टांगली. दुसऱ्या दिवसापासून जिपार आली नाही. तालाय, एवढी वर्षं शिकवून मी हे केलं.

काल तिच्या घरी गेले. चूक माझी, मुलगी वर्गात सगळ्यात प्रामाणिक, असं सासूला सांगितलं. ती म्हणाली, जायचं असेल तर जाऊ दे, आम्ही अडवत नाही. मला केवढं हायसं वाटलं!

जिपार चहा देत होती, घोटभरच, पाहुण्याने आणखी बसावं म्हणून देतात तसा; वाटी भरून दिली की आता निघा. मी तिला विचारलं, सोमवारी येशील ना. तिने मान वर केली नाही. माझी वाटी घेतली आणि काठोकाठ भरून पुढ्यात ठेवली. सासूने तिला तसं सांगितलं नव्हतं. मी उठले.

तू तरी मला अंतर देऊ नकोस.

तुझी एजे