अँब्रोजची कवळी आणि सिरिल गॉन्टचं नाव

मी, एनिड मेरी स्कपहोम, वय एकसष्ट, राहणार थॉर्नबी फेन, लिंकनशायर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली नसून (दबाव आणणारी एकटी आई होती, ती गेली), माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवत आहे.

१. माझा भाऊ विल्फ बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीत मशीनगनवर बसे. चव्वेचाळीस साली जर्मनीवरच्या रात्रीच्या हल्ल्यातून ते विमान परतलं नाही. हवाईदलाने त्याचं सामान घरी पाठवलं. त्यात दातांची कवळी निघाली. विल्फचे सगळे दात शाबूत होते. तरी आईने ती ग्लासात घालून त्याच्या फोटोशेजारी ठेवली. पाद्रीबाबा येत, तेव्हा त्या कवळीपुढे टोपी काढत.

लढाई संपल्यावर अँब्रोज पेल दारात उभा राहिला. बोळक्या तोंडाने म्हणाला, "बाई, ती कवळी माझी आहे. सरकारी नवी बसत नाही."

विल्फच्याच विमानाला दिशा सांगणं हे त्याचं काम. त्या संध्याकाळी विल्फने गंमत म्हणून कवळी लपवली. अँब्रोज काय बोलतोय ते कुणालाच कळेना, म्हणून साहेबांनी त्याला विमानात न घेता खाली ठेवलं.

"कशावरून तुझी?" आईने विचारलं. त्याने ती तोंडात बसवली. आई बघतच राहिली. मग म्हणाली, "ने पोरा. पण दर रविवारी दाखवायला आणायची."

आई गेली, तरी तो आणतो.

२. घर, बाग आणि बदकं अँब्रोजला. बदकांना तो आवडत नाही. त्याने समजून घ्यावं.

३. बँकेतली शिल्लक गावच्या युद्धस्मारकावर सिरिल गॉन्टचं नाव कोरण्यासाठी. त्या रात्री अँब्रोजच्या जागी ऐन वेळी सिरिल विमानात चढला. ग्रामसमितीचे मिस्टर ऑल्डर म्हणतात, "तो आपल्या गावचा नव्हता, एनिड." नसेना का! माझ्या टेबलाशी रविवारी कुणीतरी जेवायला बसतं, ते त्याच्यामुळे. वर्षाच्या आत नाव कोरलं नाही, तर सगळे पैसे शेजारच्या गावच्या क्रिकेट क्लबला जातील. मग बसा त्यांच्याकडून हरत.

४. वकीलबाई म्हणाल्या, लग्न केलंत तर मृत्युपत्र रद्द होतं. मी म्हटलं, "आता कोण करतंय माझ्याशी लग्न?"

बदकं हाकता हाकता अँब्रोज खिडकीतून म्हणाला, "मी करतो की. विचारायचं कधीचं होतं. पण विल्फ गेला आणि मी राहिलो, हे तुला चालतं की नाही, तेच कळत नव्हतं."

"मग इतकी वर्षं मटण कुणासाठी भाजत होते, गाढवा?"

सबब, अँब्रोज पेल याच्याशी शनिवारी होणारं लग्न लक्षात घेऊनच मी हे मृत्युपत्र केलं आहे. लग्नामुळे ते रद्द होऊ नये.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही केली:
हर्बर्ट ट्विग, खाटीक
मॉड्लिन आयर, पोस्टमास्तरीण

थॉर्नबी फेन, ९ ऑक्टोबर १९८६

एनिड मेरी स्कपहोम
(शनिवारपर्यंत)