कोऱ्या मण्यांची पट्टी

९ सप्टेंबर २००३
देवरे मॅडमच्या लॅबमध्ये महिना होत आला. इतका मी कुठे टिकत नाही. कळवणहून निघाल्यापासून आधी पिकअपवर क्लीनर, मग नामपूरला मार्केटात कांदा निवडायला, मग घोटीत भाताची मिल. इथे काम म्हणजे भांडी धुणे, बर्फ आणणे आणि कशालाही उघड्या हाताने न शिवणे. दिवसभर रबरी हातमोजे. समोरचा फ्रिज रिपेअरवाला शकील म्हणतो, "काय बे, सोवळ्यात बसलास का?"

११ सप्टें.
दे. मॅ.ना विचारलं, हे नक्की काय चाललंय. समजलं ते असं. टोमॅटोची पानं आकसवणारा एक व्हायरस. त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचा छोटा तुकडा, पेप्टाइड, बारीक मण्यांना चिकटवून ठेवलाय. त्यावर आरएनए ओतायचा, नाना आकाराचे रेणू, मोजता न येणारे. पेप्टाइडला धरून बसतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. राहिले त्यांच्या डीएनएत नकला करायच्या, नकला वाढवायच्या, त्यांचा परत आरएनए, तो परत मण्यांवर. फेरीवर फेरी. शेवटी घट्ट धरणारेच उरले पाहिजेत. मग त्यांच्यावरून रोग लवकर ओळखता येईल.
मी म्हटलं, "म्हणजे कांदा निवडल्यासारखंच की."
"कांदा दिसतो तरी रे. इथे शेवटपर्यंत काही दिसत नाही."
आरएनए भलताच नाजूक. बोटाच्या घामात असं काही असतं की त्याचे तुकडे तुकडे होतात. म्हणून मोजे.

१९ सप्टें.
पुण्याचे सर, म्हणजे दे. मॅ.चे गाइड, दसऱ्यानंतर येणार. रेणू पेप्टाइडला धरतात हे दिसलं तर काम पुढे चालू. नाहीतर खोली बंद, मशीन पुण्याला, आणि बाईंची पीएचडी... मी काय, कुठेही जाईन. त्यांचं तसं नाही.
आज बर्फ आणायला गेलो. नदीला, इथे तिला गंगाच म्हणतात, धरणाचं पाणी सोडलेलं, पुलावर बघत उभा राहिलो. बर्फाचं पाणी झालं. बोलणी खाल्ली.

४ ऑक्टो., खंडेनवमी
मशीनची पूजा. दे. मॅ. घरून झेंडू घेऊन आल्या. मोजे काढले. हळदकुंकू सगळ्या मशीनना, फ्रीझरला पण. शिंपडायला पाणी हवं म्हणून मी नळाकडे निघालो.
"नळाचं नको. पूजेला शुद्ध हवं."
मॅडमनी आरएनएसाठी जपून ठेवलेल्या पाण्याची बाटली काढली. झेंडूचं फूल तिच्यातच बुडवलं, शिंपडलं, झाकण लावलं, बाटली जागेवर. मी बघत होतो. वाटलं, आज चालत असेल.
शकील पेढा खायला आलेला. म्हणे, "मॅडम, माझ्या कॉम्प्रेसरला पण दोन थेंब मारा ना, लई रडवतो."

७ ऑक्टो.
आरएनए जेलवर चढवला, म्हणजे जेलीच्या पातळ वडीत घालून विजेने पुढे सरकवायचा. जिथे पट्टी यायची तिथून खाली नुसता धुरासारखा फराटा. म्हणजे तुटला सगळा. परत बनवला. परत धूर. जेवलो नाही कोणी.

८ ऑक्टो.
दे. मॅ.नी एकेक बाटली खिडकीशी उजेडात धरून बघितली. पाण्याच्या बाटलीत तळाला झेंडूची पाकळी. बराच वेळ बघत राहिल्या, मग हसायलाच लागल्या. मला वाटलं आता रडतील.
"तू होतास ना तिथे? बोलला का नाहीस?"
"तुम्हीच बुडवत होता, म्हणून..."
"माझ्यापुढे कोणी बोलतच नाही," म्हणाल्या. बाटली मोरीत ओतली. आधीच्या फेरीचा डीएनए फ्रीझरमध्ये शाबूत आहे. डीएनए चिवट असतो. तिथून परत सुरू.

१३ ऑक्टो.
लोडशेडिंग. शकीलच्या जनरेटरवर फ्रीझर चालवला. तो म्हणे, "घोटीत परत मिलवर माणूस पाहिजे, जातो का? आपली ओळख आहे."
"सर येऊन जाऊ दे."
"तुला काय करायचंय रे सरांचं?"
मी डिझेलचा कॅन उचलून जनरेटरमध्ये ओतला. मलाच माहीत नाही.

१६ ऑक्टो.
आज परीक्षा. शेवटच्या फेरीचा आरएनए दोन नळ्यांत. एकीत पेप्टाइडवाले मणी, दुसरीत कोरे. धुऊन जे चिकटून राहिलं ते जेलवर शेजारीशेजारी. पेप्टाइडच्या रकान्यात पट्टी यायला हवी, कोऱ्यात काही नाही. कोऱ्यातही आली तर रेणू पेप्टाइडला नव्हे, मण्यालाच धरतायत. ते होऊ नये म्हणून प्रत्येक फेरीत आरएनए आधी कोऱ्या मण्यांवरून गाळून घ्यायचा असतो. पूजेनंतर दिवस कमी पडले, म्हणून या वेळी गाळलं नव्हतं.
पेप्टाइडच्या रकान्यात पट्टी आली. जाड! मी टाळी वाजवणार तेवढ्यात...
"कोऱ्यात दिसतेय का रे तुला?"
"दिसतेय."
"फार?"
"फार नाही. फिकी आहे. पण आहे."
"सर जेल बघणार नाहीत," म्हणाल्या. "फोटोच बघतील."

१७ ऑक्टो.
फोटो आला. सरांना दाखवायच्या तक्त्यावर चिकटवायचाय. दे. मॅ.नी फोटो उलटा केला, मागून पेप्टाइडच्या आणि कोऱ्याच्या रकान्यांच्या मधोमध पेन्सिलने रेघ ओढली. कात्री मला दिली. मग म्हणाल्या, थांब. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.
"गाळून परत केलं तर खरं काय ते कळेल. पण आठवडा हवा."
"मग मागा ना सरांकडे."
"मागूनच इथवर आलेय रे."
पर्स घेतली, चपला घातल्या. दारातून म्हणाल्या, "चिकटव तू."
"कसा, मॅडम? अख्खा?"
खाली स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.
सर सकाळी येणार. तक्त्यावर डिंक लावून बसलोय. रेघ मागच्या बाजूला आहे, पुढून काहीच कळत नाही. डिंक वाळत चाललाय.